जळगावच्या सल्ला कार्यालयाने आईचे ग्रीन कार्ड कसे सांभाळले

न्यू जर्सीतील माझ्या भावाकडून आई आणि नाना ४ महिन्यांसाठी सावद्याला आले, तेव्हा परतीची तिकिटे काढलेली होती. पण नानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची २ वर्षे आई त्यांच्या उशाशी राहिली. नाना गेल्यानंतर तिने ट्रंकेतून ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, काढले, तर त्यावरची मुदत संपायला अजून ६ वर्षे होती.

आम्ही आधी गाठलेल्या एका एजंटाने ती तारीख बघून खुशाल विमानात बसवा, असे सांगितले. जळगावच्या या कार्यालयातील मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत समजावले की, १ वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यावर केवळ त्या कार्डावर परतता येत नाही, आणि रीएन्ट्री परमिटचा (लांब मुक्कामानंतर परत येण्यासाठी आधीच घ्यायच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागत असल्याने तोही मार्ग आम्हाला बंद आहे. उरला होता एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या कायम रहिवाशांसाठीचा व्हिसा. त्यासाठी मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात डीएस-११७ अर्ज देऊन हे पटवावे लागते की, निघताना आई कायम रहिवासी होती, परतण्याचा तिचा इरादा कधी सुटला नाही आणि मुक्काम लांबला तो तिच्या हाताबाहेरच्या कारणाने.

या कार्यालयाचे खरे कसब फाइल लावण्यात आहे. आईने कापडी पिशवीतून केळीच्या बागेचा सातबाराही पुढे केला, तेव्हा मॅडमनी तो दोन्ही हातांनी परत दिला. इथल्या जमिनीने तिकडे परतण्याचा इरादा सिद्ध होत नाही, पण कोणी विचारले तर ती आहे असे खरेच सांगा, असे त्या म्हणाल्या. त्याऐवजी तिकडे भरलेली कर विवरणपत्रे, चालू बँक खाते आणि न वापरलेली तिकिटे त्यांनी मागून घेतली. डिस्चार्ज कार्डे व फिजिओथेरपीच्या पावत्या महिन्यांप्रमाणे टेबलावर मांडल्या, आणि ज्या २ महिन्यांचा एकही कागद नव्हता तिथे कोरे पान ठेवून आम्हाला डॉक्टरांचे पत्र आणायला पाठवले.

एक उणीव सांगायलाच हवी. मृत्यूच्या दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरात नानांच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नव्हते. ते मलाच दिसले आणि त्यासाठी जळगावची एक खेप वाढली. अशा प्रकरणात एका अक्षरानेही शंका येऊ शकते, म्हणून भाषांतर त्यांनी स्वतः तपासायला हवे होते.

कार्यालयाची फी आधीच सांगितली गेली आणि तिची पावती मिळाली. निकालाची हमी मात्र त्यांनी दिली नाही, आणि मला तेच अधिक विश्वासाचे वाटले. अर्ज मंजूर झाला, त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाची मुलाखतही पार पडली. नामंजूर झाल्यास भाऊ तिथला नागरिक असल्यामुळे त्याने आईसाठी नव्याने आय-१३० अर्ज (नागरिकाने जवळच्या नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठी करायचा अर्ज) करावा, हे मॅडमनी आधीच एका कागदावर लिहून दिले होते. तो कागद अजून घडी न मोडता फाइलमध्ये आहे.