बलेनो पेट्रोल मॅन्युअल: नागपूरच्या उन्हात आणि समृद्धीवर मिळालेलं खरं ॲव्हरेज

"किती देते?" हा प्रश्न गाडी घेतल्यापासून सगळेच विचारतात, आणि माझ्याकडे त्याचं एका आकड्यात उत्तर नाही. माझी मारुती बलेनो 1.2 पेट्रोल मॅन्युअल आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही ऋतूंत चालवून झाली. हीच गाडी मला लिटरला साडेबारासुद्धा देते आणि बावीससुद्धा. मधला फरक ऊन आणि वेगाचा काटा पाडतात. कंपनीचा दावा 22.35 चा आहे.

आधी मोजायची पद्धत सांगतो. डिस्प्लेवर दिसणारा आकडा मी धरत नाही, माझ्या गाडीत तो दर वेळी साधारण एकाने जास्तच दाखवतो. ठरलेला पंप, ठरलेलं मशीन, नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, पंपावरच्या पोराने "राउंड फिगर करू का" म्हटलं तरी नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य करायचा आणि पुढच्या वेळी टाकी फुल करताना गेलेल्या लिटरने किलोमीटरला भागायचं. खाली दिलेले आकडे असेच काढलेत.

माझं रोजचं जाणं-येणं मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स. वर्धा रोडचा डबल डेकर पूल झाल्यापासून अजनी चौकापर्यंत गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये सुसाट जाते. खरी गंमत पुढे, अजनी चौक ते व्हरायटी चौक. संध्याकाळी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शिरलं की पहिला-दुसरा गिअर आणि क्लच, बस. तरीही डिसेंबर-जानेवारीत एसी बंद ठेवून मला याच रस्त्यावर 16 च्या आसपास मिळालं. पावसाळ्यात 14 ते साडेचौदा. मे महिन्यात साडेबारा. रस्ता तोच, चौक तेच, चालवणारा मीच.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी बर्डीत उघड्यावर लावलेल्या गाडीत बसून बघा. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, एसी चारवर टाकला तरी पहिली दहा मिनिटं गरमच हवा फेकतो आणि कॉम्प्रेसर क्षणभरही थांबत नाही. माझ्या गाडीत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, हिवाळ्यात ती छान चालते. पण मे महिन्यात केबिन थंड झाल्याशिवाय ती इंजिन बंदच करत नाही, आणि केलं तरी काही सेकंदांत पुन्हा सुरू. म्हणजे जिथे पेट्रोल वाचायला हवं तिथेच ते जळतं. यावर मला सापडलेला खरा उपाय म्हणजे सावली. ऑफिसमागच्या कडुलिंबाखाली जागा मिळावी म्हणून मी उन्हाळ्यात वीस मिनिटं लवकर निघतो. गाडीत बसल्यावर आधी चारही काचा खाली करून कोंडलेली हवा बाहेर जाऊ देतो, मग एसी. एवढ्याने उन्हाळ्यातलं ॲव्हरेज तेराच्या थोडं वर आलं.

दावा आणि वास्तव यांत एवढं अंतर का, तर चाचणीच वेगळी आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते, एसी बंद असतो, तापमान आटोक्यात असतं आणि वेग ताशी 90 च्या वर जात नाही. यात कोणी फसवत नाही. सगळ्या गाड्यांना एकच मोजपट्टी लावल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगलाच आहे. महिन्याचा खर्च काढायला मात्र तो धरू नका.

आता समृद्धी महामार्ग. हायवेला ॲव्हरेज वाढतंच, असं मानून बरेच जण नागपूरच्या टोकाला शिवमडक्याहून चढले की काटा थेट 120 वर नेतात. तिथे तेवढी परवानगी आहे, रस्ताही तसा आहे. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 च्या तुलनेत 120 ला तो सव्वादोन पट होतो. कारंज्याला सासुरवाडी असल्याने हा रस्ता मी सतत करतो. 80-85 ने गेलो तर साडेएकवीस-बावीस, 100 ने एकोणीसच्या आसपास, आणि 120 धरून ठेवलं तर सोळाच्याही खाली. म्हणजे जानेवारीत बर्डीच्या गर्दीत मिळतं तेवढंच! दर 160 किलोमीटरला 80 च्या मानाने 40 मिनिटं वाचतात आणि अडीच-पावणेतीन लिटर जास्त जातात. माझ्यासाठी 95 हा नेमका वेग. टायरही कमी तापतात, आणि विदर्भातल्या उन्हात काँक्रीटवर तो विचार ॲव्हरेजच्याही आधी यायला हवा. टायर गार असताना सकाळीच हवा भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच.

ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, याबद्दलही विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे थोडी घट होणारच. पण माझ्या नोंदींत ऊन आणि वेग यांचा फरक इतका मोठा आहे की ई20 चा वाटा वेगळा काढता येत नाही.

सीएनजी का नाही घेतली? 2022 मध्ये नागपुरात तो किलोला 120 रुपयांवर गेला होता, ते डोक्यात होतं. शिवाय सीएनजीचं सिलिंडर डिकीतच बसतं, आणि सासुरवाडीहून येताना तूरडाळीचं पोतं असतं, मला डिकी हवी होती.

टाकी 37 लिटरची. उन्हाळ्यात शहरात मी 400 किलोमीटरच धरून चालतो, समृद्धीवर 95 ने साडेसहाशे. समृद्धीवर चढण्याआधी वर्धा रोडलाच टाकी फुल करून घेतो, म्हणजे मध्ये पंप शोधत बसावं लागत नाही.