बदलत्या फ्रिक्वेन्सीचा अँटेना: द्रवधातू की व्हॅरेक्टर?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेणार असाल, तर आधी अँटेनाची फ्रिक्वेन्सी किती सरकवायची आहे ते ठरवा. निफाडच्या द्राक्षबागेतला सेन्सर 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात नेमका बसवायचा, एवढंच काम असेल तर व्हॅरेक्टर डायोड घ्या. उलटा व्होल्टेज कमीजास्त केला की त्याची कपॅसिटन्स (वीजभार साठवायची क्षमता) बदलते आणि फ्रिक्वेन्सी क्षणात सरकते. करंट जवळपास लागतच नाही. स्विचसारखे चालू-बंद होणारे पिन डायोडही स्वस्तात मिळतात, पण त्यांनी ठरावीक टप्पेच मिळतात.

द्रवधातूची गंमत वेगळी. इथे अँटेनाची लांबीच बदलते. गॅलियम-इंडियमचं मिश्रण बारीक नळीत पुढेमागे सरकवायचं, बस्स. पाव तरंगलांबीच्या हिशेबाने 2.4 गिगाहर्ट्झला साधारण 3 सेंटिमीटर लागतात, 866 मेगाहर्ट्झला साडेआठच्या वर. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये पंपाशिवाय, निव्वळ कमी डीसी व्होल्टेजवर, 0.66 ते 3.4 गिगाहर्ट्झ एवढी मजल मारली. व्हॅरेक्टरकडून एवढ्या पल्ल्याची अपेक्षाच नको. शिवाय जास्त पॉवरवर डायोड सिग्नल बिघडवतो, धातू नाही. मात्र त्या अँटेनाची कार्यक्षमता पल्लाभर 41 ते 70 टक्के होती, आणि धातू सरकायला वेळ लागतो. झटपट चॅनल बदलणाऱ्या रेडिओला हे परवडणार नाही.

खरा त्रास हाताळताना होतो. हवा लागताच धातूवर दुधावरच्या सायीसारखा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो नळीला चिकटतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो विरघळतो, म्हणजे हातमोजे आणि चष्मा आलाच. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून यासाठी ॲल्युमिनियमचा डबा बनवून आणायचा विचार असेल तर सोडा. गॅलियम ॲल्युमिनियममध्ये मुरतं, डबा ठिसूळ होतो. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियम खातो. प्लास्टिकच बरं.

आणि थंडी. हे मिश्रण 15.7 अंशांच्या आसपास गोठतं. त्याखालीही ते बराच वेळ द्रव राहू शकतं, पण जानेवारीत निफाडचा पारा 10 अंशांखाली जातो, तिथे नशिबावर हवाला नको. कथील घातलेलं गॅलिनस्टन त्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं.

बागेत वर्षभर टिकायचं असेल तर माझं मत व्हॅरेक्टरला. प्रयोगशाळेतच दाखवायचं आणि पुढे संशोधनाकडे वळायचं असेल तर द्रवधातूच घ्या. मात्र पहिला नमुना साध्या इंजेक्शनच्या सिरिंजने धातू ढकलून करा, व्होल्टेजचा खेळ नंतर.