आरएक्स-8 मध्ये नायट्रस बसवलं आणि मी कसा गंडलो

मी एडिसनला राहतो, न्यू जर्सी. दोन वर्षांपूर्वी 2005 ची माझदा आरएक्स-8 घेतली, रोटरी इंजिनची (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात), सहा गिअरची मॅन्युअल, 4200 डॉलर. बायको म्हणाली चार दारं आहेत म्हणून गप्प बसते. गाडी 9000 आरपीएमकडे जाताना जो आवाज करते ना त्याला तोड नाही, पण खालून दम नाही आणि टर्बोही नाही. मग डोक्यात किडा वळवळायला लागला की नायट्रस टाकू, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडायचा, छोटा 50 हॉर्सपॉवरचा शॉट, टर्बोच्या मानाने किरकोळ खर्च.

तासाभराच्या अंतरावर एक गॅरेज सापडलं, नाव लिहीत नाही. मालक बोलायला एकदम गोड, रोटरी तर आमचं रोजचंच काम म्हणे. वेट किट (गॅससोबत पेट्रोलही सोडणारं), बसवणं, ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) आणि डायनो (चाकावरची पॉवर मोजणारं मशीन) सगळं मिळून 1850 डॉलर, अर्धे आधी. दिले.

आता वेट किट का ते सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. नायट्रस स्वतः जळत नाही, तो फक्त ऑक्सिजन आणतो. वजनाने बघितलं तर हवेत ऑक्सिजन साधारण 23 टक्के, नायट्रसमध्ये 36. म्हणजे त्या हिशोबात जास्तीचं पेट्रोल पण आत गेलं पाहिजे, नाहीतर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन आतून ठोकायला लागतं. म्हणून वेट किटला दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह), निळा गॅसचा, लाल पेट्रोलचा. शिवाय ट्यून करून स्पार्क थोडा मागे, म्हणजे उशिरा, घ्यावा लागतो. पिस्टनवालं इंजिन थोडंफार सोसतं, पण रोटरीतलं अपेक्स सील म्हणजे रोटरच्या टोकावरची 2 मिलीमीटर जाडीची पट्टी, नीट ठोका बसला की खेळ खल्लास.

गाडी घ्यायला गेलो तर भाऊने बॉनेट उघडून दाखवलं, निळा सोलेनॉइड, लाल सोलेनॉइड, दोघांना पाइप, सगळं चकाचक. हातात डायनोचा ग्राफ दिला, चाकावर 226 हॉर्सपॉवर. मी ग्राफचा फोटो काढून कोल्हापूरच्या मित्राला पाठवला, त्याने तीन आगीचे इमोजी पाठवले, आणि लाल सोलेनॉइडच्या पाइपचं दुसरं टोक कुठे जातं हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

आयलंड ड्रॅगवेला, म्हणजे ड्रॅग रेसच्या ट्रॅकवर, घेऊन गेलो. पहिल्या दोन रनला गाडी खरंच सुटली, मी हवेत. तिसऱ्या रनला तिसऱ्या गिअरमध्ये एकदम टक्क असा आवाज आला, फार मोठा पण नाही, आणि मग दम गेला. आयडलला गाडी थरथरायला लागली, बंद केल्यावर गरम इंजिन परत चालूच होईना, टो करून आणली.

गॅरेजवाला म्हणाला काही नाही बॉस, कॉइल गेली असेल, आपण कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) बघू. माझ्यासमोर गेज लावला, काटा 108 पीएसआयवर. म्हणाला बघ, 100 च्या वर आहे, इंजिन ठणठणीत. कॉइल आणि प्लगचे अजून 400 घेतले. गाडी तशीच.

शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्याकडे नेली, तो फक्त रोटरीच उघडतो. त्याने 108 ऐकलं आणि हसलाच. एका रोटरला तीन तोंडं असतात, त्यामुळे कॉम्प्रेशनचे आकडे पण तीन यायला हवेत. साध्या पिस्टनच्या गेजमध्ये व्हॉल्व्ह असतो, तो तिघांतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो आणि बाकीचे दोन लपवतो. एक सील तुटलं की त्याच्या दोन्ही बाजूंची तोंडं गळतात आणि तिसरं शाबूत राहतं, म्हणजे गेजवाल्याला दाखवायला एक चांगला आकडा कायम शिल्लक! त्याने रोटरीचा टेस्टर लावला. पुढचा रोटर 8.1, 7.9, 8.0. मागचा 7.6, 2.1, 2.4. माझदाची किमान मर्यादा 6.9 आहे, 250 आरपीएमला. हे आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे हे 7.6 म्हणजेच ते 108 पीएसआय.

मग तो लाल सोलेनॉइडचा पाइप हाताने चाचपत खाली गेला आणि मला टॉर्च धरायला सांगितली. पाइप बॅटरीच्या मागे वळवून झिपटायने बांधलेला, टोकात एक बोल्ट कोंबून वर क्लॅम्प आवळलेला. पेट्रोलच्या लाइनला कुठेही कापल्याची खूणच नाही. म्हणजे मी वेटचे पैसे भरून नुसता गॅस मारत होतो.

घरी येऊन डायनोचा ग्राफ परत बघितला. 7000 ला संपलाय. माझी गाडी 9000 ची, कुठला ट्यूनर ती 7000 ला सोडून देईल? ग्राफ दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. म्हणजे डायनो नाही, आणि ट्यून तर त्याहून नाही.

तर कोणी रोटरी घेत असेल किंवा तिला काही बसवत असेल तर एका आकड्याचं कॉम्प्रेशन मान्यच करू नका, रोटरभर तीन मागा. रोटरीचा टेस्टर नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून क्रँक करायला लावा, काटा तीनदा सारखा उडाला पाहिजे. आणि डायनो चालू असताना तिथेच उभे राहा, त्याला राग आला तरी.

इंजिन रिबिल्डला 4500 लागले. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची मर्यादा 5000 आहे, 1850 आणि 400 चा दावा टाकलाय, फोटो आणि टेस्टचा कागद जोडून. लाल सोलेनॉइड टेबलावर ठेवलाय, परवा नाकाला लावून बघितला, पेट्रोलचा वास सुद्धा नाही.