अर्धा तास उडणारं हेलिकॉप्टर

साताऱ्यात पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी पंप, चक्कीची मोटार, मिक्सर, छताचे पंखे, सगळं येतं. जळालेली वाइंडिंग मी वासावरून ओळखतो. ही फुशारकी नाही. मोटारीच्याच मामल्यात मी 3,549 रुपयांना बुडालो, आणि धंदा काय तो आधी सांगितला नाही तर माझी लाज तुम्हाला पुरती कळणार नाही. घरातून हुकूम होता की कुणाला सांगत बसू नका. पण मागल्या आठवड्यात कोरेगावच्या एका गिऱ्हाइकानं काउंटरवर मोबाईल ठेवला आणि विचारलं, "मिस्त्री, हे पोराला घेऊ का?" बघतो तर रिमोटच्या हेलिकॉप्टरचा तोच व्हिडिओ, ज्याला मी फसलो होतो. म्हटलं, आता लिहायलाच पाहिजे.

भाचा सातवीत. कऱ्हाडला असतो, मे महिन्यात आमच्याकडे येतो. निवडणुकीत एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरताना त्यानं धुळीत उभं राहून पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच. "मामा, रिमोटचं हेलिकॉप्टर." ताई फोनवर म्हणाली, नसते लाड करू नकोस. मी म्हटलं, तू गप बस, मोटारीचं काम आहे, मला कळतं.

मोबाईलवर दोनदा शोधलं आणि जाहिराती मागेच लागल्या. त्यातली एक भारी होती. काळं-लाल हेलिकॉप्टर मैदानात उलटं होतंय, पोट आभाळाकडे करून तरंगतंय, परत सुलटं होतंय. खाली लिहिलेलं: नवशिक्यांसाठी खास, 6 चॅनेल, डबल पंखा, ब्रशलेस मोटार, मेटल बॉडी, 150 एमएएच बॅटरी, 30 मिनिटं उड्डाण, 100 मीटर रेंज. किंमत 5,999 वर काट मारून 2,999.

चॅनेल म्हणजे रिमोटवरून किती वेगवेगळ्या हालचाली करता येतात ते, एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, आणि ब्रशलेस म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटार. आता हे परत वाचा. मी तेव्हा वाचलं नाही, नुसतं पाहिलं.

व्हॉट्सअॅपवर विचारलं. पलीकडचा हिंदीत, दर वाक्याला सर. बच्चे के लिए सबसे बेस्ट है सर. वस्तू हातात आल्यावर पैसे देतो म्हटलं तर म्हणाला, या मॉडेलला ती सोय कालच बंद झाली, आधी भरलेत तर शंभर सूट. क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव यायला हवं होतं, आलं कुणा बाईचं. बोट क्षणभर थांबलंही. पण शंभर रुपये सुटत होते ना! 2,899 गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला की पार्सल अडकलंय, बॅटरी आहे म्हणून जादा कागद लागतात, 650 भरा, माल पोचला की परत. तेही भरले. पहिल्या फसवणुकीचं मी कारण देऊ शकतो. दुसरीचं नाही.

अकरा दिवसांनी खोकं आलं. हातात घेतल्याबरोबर जीव खाली गेला, कारण ते हलकं होतं. दुकानात तांब्याची तार तोलायचा काटा आहे, त्यावर ठेवलं. रिमोट, खोकं, थर्माकोल धरून 410 ग्रॅम. काट्यावरचा फोटो काढून ठेवला, एवढंच एक शहाणपणाचं काम माझ्या हातून झालं. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ मात्र काढला नाही. पुढे प्रत्येकानं पहिल्यांदा तोच मागितला.

आत वीतभर लांबीचं प्लॅस्टिकचं हेलिकॉप्टर होतं. एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे, शेपटीला आडवा बारका पंखा. मेटल म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटवलेली चंदेरी पट्टी. मोटार ब्रशलेस म्हणे. उघडून पाहिली तर दोन वायरी. हेलिकॉप्टरच्या ब्रशलेस मोटारीला तीन वायरी जातात, त्यासाठी मोटार उघडायचीसुद्धा गरज नसते. रिमोटला पुढे टीव्हीच्या रिमोटसारखा काळा डोळा, म्हणजे इन्फ्रारेड. शंभर मीटर कुठले, आणि उन्हात तर काहीच नाही.

तरी भाच्याची हौस म्हणून चार्ज केलं. केबल लावून अर्धा तास झाला, सवयीनं मल्टिमीटर लावला, तर 4.31 व्होल्ट. या लिथियम पॉलिमर सेलचा आकडा 3.7 लिहितात, पूर्ण भरल्यावर तो 4.2 ला थांबायला हवा. हा थांबतच नव्हता. ताबडतोब काढला. असले सेल फुगतात आणि पेटतातही, आणि आपल्याकडे पोरं ते गादीवर ठेवून चार्ज करतात. या एका गोष्टीपुरतं माझं ऐका: समोर बसल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, आणि सेल फुगलेला दिसला तर परत लावूच नका. खोक्यावर आयएसआयचं चिन्हही नव्हतं. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

घरात चार मिनिटं उडलं. गरगर फिरत, पण उडलं. भाचा खूश, मला तेवढंच बरं वाटलं. मग तो ते घेऊन गच्चीवर गेला. मे महिन्यातली संध्याकाळ, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. वर गेल्या गेल्या उन्हानं रिमोट आंधळा झाला, वाऱ्यानं हेलिकॉप्टर उचललं आणि शेजारच्या पत्र्यावर आपटलं. खालचा पंखा तुटला. नवा कुठे मिळेल म्हणून व्हॉट्सअॅपवर विचारायला गेलो तर आपण ब्लॉक.

तक्रारीचं सांगतो, पण थोडक्यात, कारण त्यात निष्पन्न थोडकंच आहे. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी नीट ऐकून तक्रार नोंदवली, नंबर दिला. पैसे गेल्याला पंधरवडा होत आला होता. हा फोन पैसे गेल्यावर पहिल्या तासात करायचा असतो, तेव्हा खातं गोठवता येण्याची आशा असते. मी पार्सलची वाट बघत बसलो होतो. मग ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथल्या मुलीनं विचारलं, विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर? माझ्याकडे एक क्यूआर कोड आणि एका बाईचं नाव. 2020 च्या ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे विकणाऱ्यानं स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. ते पानावर नव्हतं, तिथंच मी मागे फिरायला हवं होतं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. म्हणजे साताऱ्यातच काम झालं असतं. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "अण्णा, अर्ज देऊ की. पण सामनेवाला म्हणून कुणाचं नाव टाकायचं?"

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण जूनमध्ये कऱ्हाडच्या इंजिनिअरिंगचा एक मुलगा त्याच्या वडिलांच्या पंपाची मोटार घेऊन आला. काउंटरवर मोडकं हेलिकॉप्टर दिसल्यावर तो पंप विसरला. कॉलेजात विमानांची मॉडेलं उडवतो म्हणे. त्यानं जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाहिला आणि हसायला लागला.

"काका, यात तीन वेगवेगळी हेलिकॉप्टरं एकत्र केलीत."

मग त्यानं समजावलं, आणि काय सांगू, सगळं मला कळण्यासारखं होतं. ड्रिल मशीन अडकलं की मनगटाला उलटा हिसका बसतो ना, वरचा पंखा फिरला की हेलिकॉप्टरच्या अंगाला तोच हिसका बसतो. एकच मोठा पंखा असेल तर तो हिसका शेपटीचा उभा पंखा सांभाळतो. एकावर एक उलटसुलट फिरणारे दोन पंखे असतील तर दोघांचे हिसके आपसात फिटतात आणि यंत्र शांत राहतं. याला कोअॅक्सियल म्हणतात. शिकायला हेच. वर-खाली, डावी-उजवी वळणं, पुढे-मागे, असे तीन चॅनेल. हात सोडला तरी बहुतेक जागच्या जागी तरंगतं. पंख्याला भिंत लागली तर पातं मुडपतं, बोट लागलं तर नुसतं चुरचुरतं.

हे हातात बसलं की दुसरी पायरी चार चॅनेलची. एक पंखा, त्यावर तिरकी वजनदार दांडी, ती यंत्राला सावरते. रिमोट रेडिओचा, 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे उन्हात चालतो. यात आडवं सरकताही येतं. पातं ठरावीक कोनात पक्कं, वर जायचं तर मोटार जोरात फिरवायची.

आणि व्हिडिओतलं उलटं होणारं? ते सहा चॅनेलचं. त्यात पात्याचा कोनच बदलतो, पंख्याचा वेग तोच राहतो. कोन उलटा केला की यंत्र पोट वर करून तरंगतं. ते शिकताना लोक महिनोन्‌महिने कॉम्प्युटरवर सराव करतात, आणि मोठ्या आकाराचं असेल तर त्याचं पातं बोट कापेल. "ते तुमच्या भाच्याला दिलं असतं तर," तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही.

म्हणजे गंमत बघा. त्या चोरानं नवशिक्यांसाठी म्हणून जे दाखवलं ते नवशिक्यानं हात लावू नये असं, आणि स्वस्तात उरकायचं म्हणून जे पाठवलं ते जातीनं बरोबर. तशीच जात, चांगल्या मालाची, राजवाड्याजवळच्या खेळण्यांच्या दुकानात हजाराच्या आत होती. मी जाऊन बघितलं. आयएसआय होतं, जादा पंख्यांची जोडी खोक्यातच, आणि दुकानदार उडवून दाखवत होता.

त्या मुलानं जाताना विचारलं, "काका, पण तुम्ही तर मोटारवाले. तीस मिनिटांवर विश्वास कसा बसला?"

तेच तर. रात्री बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. 150 एमएएच अर्ध्या तासात संपवायचे तर करंट 0.3 अँपिअर. गुणिले 3.7, सव्वा वॉटसुद्धा नाही. देव्हाऱ्यातला झिरोचा एलईडी बल्ब जवळपास तेवढा खातो, आणि त्यावर म्हणे मेटल बॉडी उडणार! त्याच मोडक्या हेलिकॉप्टरचा वरचा पंखा ठेवून, खाली दुसऱ्या खेळण्यातला पंखा बसवून, हातात धरून मीटर सिरीजमध्ये टाकला: दीड अँपिअरच्या आसपास. म्हणजे 150 एमएएच सहा मिनिटांत खलास. अर्ध्या तासाला 750 लागतील. तेवढी बॅटरी चढवली तर ती उचलायलाच आणखी करंट. रोज शेतकऱ्यांना मी हेच सांगतो, तार बारीक आणि लोड मोठा हे जमत नाही, भाऊ. आकडे सगळे जाहिरातीत होते. चोरानं लपवलं काहीच नाही.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, व्हिडिओत पंखा एकच होता. खाली डबल लिहिलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, मोटारीचं काम आहे, मला कळतं."

ताईला अजून किंमत सांगितलेली नाही. राजवाड्यावरचं हेलिकॉप्टर घेतलं. ओळखीच्या एका मंगल कार्यालयात आषाढात लग्नं नसतात, तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये पंखे बंद करून भाचा दर रविवारी एसटीनं येऊन उडवतो. सुरुवातीला हेलिकॉप्टरचं तोंड स्वतःकडे वळलं की डावं-उजवं उलटं व्हायचं आणि तो भिंतीला नेऊन ठोकायचा. आता शेपूट आपल्याकडे ठेवून चौकोन मारतो. पाच-सहा मिनिटं उडतं, मग अर्धा-पाऊण तास चार्जिंग. आम्ही समोर बसून शेंगा खातो.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. पान दुसरं, व्हिडिओ तोच, किंमत 2,499. आता म्हणे 45 मिनिटं उडतं, बॅटरी अजून 150 एमएएच. भाच्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं, बिलाच्या पाठीवर लिहिलं, 1,125 लागतील, आणि त्याचा फोटो काढून कोरेगावच्या गिऱ्हाइकाला पाठवून दिला.