चार ओळींचं गाणं की घरातली तालीम?

घरात परवान्याचं हत्यार आहे आणि लहान मूलही आहे, अशा घरांसाठी हे लिहितोय. कुलूप हवं, काडतुसं वेगळी हवीत, किल्ली परवानाधारकाकडेच हवी, हे तुम्हाला ठाऊक असणार. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मुलाला शिकवायचं कसं? आमच्याकडे यावर तीन मतं होती आणि तिन्ही करून पाहिली.

आमचे आबा फौजेतून निवृत्त झाल्यावर मुंबईत एका सराफी पेढीवर गार्ड होते. बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, त्यांची स्वतःची. 2023 साली त्यांनी नोकरी सोडली आणि पेढीवर असणारी बंदूक भांडुपच्या आमच्या वन रूम किचनमध्ये आली. दुनळीची नळी आणि दस्ता सुटे करता येतात. त्यामुळे नळी कुलूपबंद ट्रंकेत, दस्ता माळ्यावरच्या दुसऱ्या पेटीत, काडतुसं कपाटाच्या लॉकरमध्ये आणि किल्ल्या आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात. ही व्यवस्था चोख आहे. पण माझा मुलगा, तेव्हा साडेचार वर्षांचा, आबांच्याच कुशीत झोपायचा आणि किल्ल्या कुठे असतात हे त्याला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. एवढ्याशा घरात मुलापासून काही लपत नाही. म्हणून शिकवणं आलंच.

आबांचं म्हणणं होतं की दाखवून टाका, कुतूहल मिटलं की हात जात नाही. साताऱ्याकडे आमच्या गावी पिकात डुकरं शिरायची, त्यामुळे बंदूक पोरांच्या डोळ्यांसमोरच असायची. आबांनी एका रविवारी दुनळी जोडली, बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, नळीचं तोंड कधीच माणसाकडे नसतं हे सांगितलं. मुलगी आठ वर्षांची, तिच्यावर याचा चांगला परिणाम झाला. तिच्या डोळ्यांतला गंभीरपणा मला आजही आठवतो. धाकट्याला मात्र त्यातून एवढंच उमगलं की ट्रंकेतली वस्तू आणि माळ्यावरची वस्तू एकत्र आल्या की बंदूक होते. दाखवताना पुढची पायरी हातात देण्याची असते, आणि तिथे तर मी स्पष्ट नाही म्हटलं. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे 21 वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजी शिकायचं वय झालं की रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. मोठ्या मुलांच्या बाबतीत आबांचं बरोबर असेलही. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

राहिले दोन मार्ग, आणि खरी निवड या दोघांतच आहे.

पहिला चार ओळींचा. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने 1988 मध्ये एडी नावाच्या गरुडाच्या तोंडी चार सूचना घातल्या: थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्यांना सांग. सूचना उत्तम आहेत, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझ्या बायकोने त्या मराठीत बसवल्या:

थांब जरा,
हात मागे,
पळ बाहेर,
सांग आईला!

चाल इतकी सोपी की दोन दिवसांत दोन्ही मुलांना पाठ. खर्च शून्य, वेळ शून्य, पोरं खूश. ज्यांच्या घरी बंदूक नाही, पण मूल नातेवाइकांकडे जातं, त्यांनी निदान एवढं करावंच.

दुसरा मार्ग तालमीचा. मूल खोलीत जातं, तिथे बंदुकीसारखी वस्तू दिसते, ते थबकतं, हात मागे घेतं, बाहेर येतं, सांगतं. आधी आपण करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, जमलं की शाबासकी. आणि मग काही दिवसांनी, मुलाला न सांगता ती वस्तू ठेवून बघायचं. चुकलं तर रागवायचं नाही, तिथेच पुन्हा करून घ्यायचं. यात वेळ जातो. खोटी वस्तू आणावी लागते (मी काळं प्लॅस्टिकचं पिस्तूल क्रॉफर्ड मार्केटमधून आणलं. ते खऱ्यासारखंच दिसावं, लाल-पिवळं नको). आणि स्वतःच्या मुलासाठी सापळा लावतोय असं वाटून जीव कसनुसा होतो, तो वेगळाच.

मी आधी गाण्याच्याच बाजूचा होतो. मत फिरलं ते एका गोष्टीने, आणि ती इथे नीट सांगतो, कारण तुमच्याकडेही ती घडणारच.

गाणं झालं की मूल ते गातं. घरी पाहुणे आले की आपणच म्हणतो, "म्हणून दाखव रे काकांना." धाकट्याने ते शाळेच्या व्हॅनमध्ये म्हटलं, लिफ्टमध्ये म्हटलं आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन म्हटलं. वर हौसेने जोडलं, "आमच्या आबांची बंदूक आहे ना, म्हणून." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी जिन्यात हळूच विचारलं. आठवड्याभरात इस्त्रीवाल्यालाही माहीत. हत्यार घरात आहे हे जितक्या कमी लोकांना ठाऊक, तितकं ते घर सुरक्षित. आम्ही सुरक्षिततेचं गाणं शिकवलं आणि तेच गल्लीभर फिरलं. आबा दोन रात्री झोपले नाहीत.

तेही सहन केलं असतं. पण त्यानंतर मी सहज ते काळं पिस्तूल अंथरुणाच्या चळतीत, आबांच्या पंचाखाली ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिलो. पोराने पंचा ओढला, पिस्तूल दिसलं. तो थांबला खरा, क्षणभर. मग दोन्ही हातांनी उचललं. नळी स्वतःच्या पोटाकडे, उजव्या हाताचा अंगठा चापावर, कारण त्याचं बोट तेवढं पोचत नव्हतं. आणि तोंडाने गाणं चालूच होतं: थांब जरा, हात मागे. एकही शब्द न चुकता.

मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

माझा अनुभव एका घराचा, तो कुणी प्रमाण मानू नये. पण नंतर वाचलं तेव्हा लक्षात आलं की आमचं पोर काही वेगळं नाही. 2001 साली पेडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत सोडलं होतं. खणात निकामी केलेलं खरं पिस्तूल होतं. ज्या 21 गटांना ते सापडलं, त्यातल्या 16 गटांनी हाताळलं आणि 10 गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या बहुतेकांना बंदुकीबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. 2004 मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत तर नेमकी हीच तुलना होती. सूचना तोंडपाठ सांगणारी मुलं प्रत्यक्ष वस्तू समोर आल्यावर तसं वागत नव्हती. नुसती तालीमही पुरली नाही. न सांगता घेतलेली परीक्षा, आणि चुकलं तिथेच पुन्हा सराव, हे जोडलं तेव्हा कुठे जमलं.

आम्हीही तेच केलं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीसाठी आबांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती, पावती घेऊन. ती घरात नव्हती, मनावर ताण नव्हता, तो काळ आम्ही सरावाला वापरला. कधी अंथरुणात, कधी चपलांच्या स्टँडमागे, कधी बाथरूमच्या बादलीत. पहिल्या परीक्षेत नापास. दुसऱ्यांदा हात लावला नाही, पण तिथेच उभा राहून हाका मारत बसला, आणि धाकटी चुलत बहीण शेजारी असेल तर तेवढंही पुरत नाही. तिसऱ्यांदा धावत बाहेर आला.

तालमीचे तोटे आहेत, ते लपवत नाही. एक म्हणजे मूल अतिदक्ष होतं. पुढच्या होळीला पिचकारी दिसली तरी येऊन सांगायचा, दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाला हात लावेना. खेळण्यातलं कोणतं हे मोठ्यांनीच सांगायचं, मुलाने ठरवायचं नाही, हा नियम घालायला आम्हाला महिना लागला. दुसरं, हे विसरलं जातं. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा आमच्या सोसायटीतली सगळी पोरं झाडू घेऊन जमिनीवर आडवी. मला आनंदच झाला, पण त्या आठवड्यात परीक्षा घेतली तर गडी पुन्हा नापास. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एकदा घ्यावीच लागते. ज्या घरी नोकरीमुळे दोघांनाही वेळ नाही, तिथे हे कितपत निभेल, सांगता येत नाही. त्यांनी गाण्यावर थांबलं तर मी दोष देणार नाही. फक्त मुलाला ते चारचौघांत म्हणायला लावू नका.

गेल्या मे महिन्यात साडूंकडे गेलो होतो. ते पोलिसात आहेत. मोठी माणसं जेवायला बसलेली, मुलं आतल्या खोलीत. धाकटा बाहेर आला आणि माझा शर्ट ओढून हळूच म्हणाला, "बाबा, तिकडे खुंटीवर आहे." मी उठून पाहिलं. खुंटीवर पट्टा होता आणि पट्ट्याला पिस्तुलाचं कातडी पाकीट, रिकामं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताईला आणि मावसभावाला त्याने आधीच बाहेर काढलं होतं.