हेडलाइटचे १००/९० चे बल्ब, वितळलेला होल्डर आणि रिले: नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत बहिणीकडे गोव्यात साखळीला निघालो होतो. जांबोटी मागे पडलं आणि गाडीत प्लास्टिक जळल्याचा वास आला. पाठोपाठ डावा दिवा गेला. बॉनेट उघडलं तर होल्डर वितळून बल्बच्या पायांना चिकटला होता. तिथून चोर्ला घाट उतरायची हिंमत झाली नाही. एका दिव्यावर चाळीसच्या वर न जाता बेळगावला परतलो, मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली.

हे १००/९० चे बल्ब मी दिवाळीत घातले होते. गाडी जुनी हॅचबॅक, एच-४ ची, म्हणजे एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर. खानापूर तालुक्यातलं गाव आणि बेळगावच्या उद्यमबागेत सेकंड शिफ्ट, म्हणजे रोजचा परतीचा प्रवास मध्यरात्रीचा. गळीत हंगामात या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, बाजूला हातभर ऊस बाहेर आलेला. कंपनीच्या ६०/५५ मध्ये (अप्पर ६० वॅट, डिपर ५५) ट्रॉली दिसायची ती अगदी जवळ गेल्यावर. म्हणून ६५० रुपयांची १००/९० ची जोडी घेतली. पाकिटावर ऑफ रोडसाठी, म्हणजे सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, असं छापलेलं होतं, तरी घेतली. पहिला महिना मी खूश होतो. ऊस आधी दिसायला लागला, एकदा कणकुंबीच्या अलीकडे रस्त्यात उभा असलेला गवाही वेळेत दिसला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

आता तसं सांगणार नाही. मी रिलेचं वायरिंग घेतलं नव्हतं. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ते अकराशेचं होतं आणि दुकानदार म्हणाला, “अण्णा, काय गरज नाही, आम्ही असेच बसवून देतो बघा.” पैसे वाचतात म्हणून मीही ऐकलं. पुढं फ्यूज दोनदा उडाला, तर त्यानं दहाचा काढून वीसचा टाकून दिला. याचा राग अजून गेलेला नाही. फ्यूज वायरच्या ताकदीला बेतलेला असतो. तो वाढवला की फ्यूजच्या आधी वायर जळते. साठ वॅटचा बल्ब साधारण पाच अँपिअर ओढतो, शंभरचा आठच्या वर. कंपनीची बारीक वायर आणि प्लास्टिकचा होल्डर तेवढ्यासाठी बनवलेलेच नसतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या कारखान्याजवळच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयस्क माणूस, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बल्बला हात लावायच्या आधी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १४ व्होल्ट. उजव्या होल्डरवर, दिवा पेटलेला असताना, ११.४. “बल्ब चांगलाच हाय, पण त्याला पोटभर मिळतंय कुठं?” हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो. म्हणजे मी शंभर वॅटचे पैसे मोजून जवळपास साठचाच उजेड घेत होतो, वर वायर भाजत होतो.

मग रिले बसवले. बॅटरीवरून थेट जाड वायर, तिच्यावर स्वतःचा फ्यूज, सिरॅमिकचे होल्डर. डॅशबोर्डकडून येणारा जुना करंट आता फक्त रिलेला इशारा द्यायचं काम करतो. डावा होल्डर जळालेला, म्हणून इशाऱ्याची पिन उजव्यातून घेतली. रिले, जळकी वायर बदलणं आणि मजुरी मिळून दोन हजार गेले.

मामांनी हट्टानं आधी जुने ६०/५५ च लावून दाखवले. होल्डरवर १३.६. त्याच रात्री खानापूरला आलो तर उजेड १००/९० इतकाच वाटला, आणि समोरून कुणी अप्पर मारून शिव्या देईना. १००/९० ची जोडी काढून ठेवली ती परत लावलीच नाही. तुमचे बल्ब मंद वाटत असतील तर नवे घेण्याआधी होल्डरवर मीटर लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

एलईडीबद्दल मित्र विचारतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये मी घालणार नाही. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असते, ती उजेड वर जाऊ देत नाही. फिलामेंटची जागा मिलिमीटरभर चुकली तरी उजेड विस्कटतो. भिंतीवर पाडून बघा, स्वस्त एलईडीच्या उजेडाची कडा फाटलेली दिसते. निळसर बल्बही नकोत. आमच्याकडच्या पावसात ओल्या डांबरावर ते काहीच दाखवत नाहीत, वर निळा थर थोडा उजेड गिळतो तो वेगळाच.

मे महिन्यात हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासल्या, आधी ८००, मग १५००, मग २०००. लख्ख निघाल्या. पण घासताना वरचा संरक्षक थर गेला आणि आता ऑगस्टमध्ये पुन्हा कडेनं पिवळं चढतंय. या वेळी घासून वर क्लिअर कोट मारून घेणार आहे, ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत.