कॉलेजच्या लॅबमधला छोटा स्पिन कोटर, वर्षभर वापरून

जळगावला आमच्या कॉलेजात एमएस्सीच्या पोरांसाठी टेबलावर बसणारा छोटा स्पिन कोटर, म्हणजे चकती गरागरा फिरवून तिच्यावर पातळ थर पसरवणारं मशीन, घेतला त्याला वर्ष झालं. चार स्टार देतो, एक का कापला ते खाली सांगतो.

काम सोपं आहे, सिलिकॉनची चकती व्हॅक्यूमवर धरायची, टोल्युईन या द्रावकात विरघळवलेल्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे थेंब टाकायचे आणि ३००० आरपीएमला मिनिटभर फिरवायचं. आपल्याकडे बाया खापरावर टाकायच्या आधी मांडा हातावर फिरवून फिरवून पातळ करतात ना, अगदी तसंच, फक्त इथे जाडी नॅनोमीटरमध्ये. द्रावण जितकं पातळ तितकी फिल्म (म्हणजे मागे उरणारा थर) पातळ, आणि पातळ फिल्ममध्ये पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, वेगळंच वागायला लागतं, त्यासाठीच तर हे मशीन पाहिजे होतं.

एरवी पॉलिस्टायरीन १०० डिग्रीच्या आसपास कडकाचं मऊ होतं. १९९४ मध्ये केडी, जोन्स आणि कोरी या संशोधकांनी दाखवलं की सिलिकॉनवरच्या १० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये हे तापमान साधारण २५ डिग्रीने खाली येतं. पोरं लगेच म्हणतात सर, जागा कमी पडली, साखळ्या दाबल्या गेल्या. मलाही आधी तेच वाटायचं, पण केडी आणि मंडळींनी लहान-मोठ्या साखळ्या वापरून बघितल्या तरी फरक तेवढाच आला, म्हणजे मुख्य कारण वरचा मोकळा पृष्ठभाग, हवेला लागून असलेल्या थरातले साखळ्यांचे तुकडे सहज हलतात आणि फिल्म पातळ होत गेली की त्या थराचा वाटा वाढत जातो. पीएमएमए या दुसऱ्या प्लास्टिकचं उलटं, ते सिलिकॉनच्या चकतीवरच्या सिलिकाला (ऑक्साईडच्या थराला) हायड्रोजन बाँडने घट्ट धरून बसतं म्हणून तिथे तापमान वर जातं.

एवढं मोजायची सोय आमच्याकडे नाही, पण पातळ फिल्म दीडशे डिग्रीच्या हॉटप्लेटवर ठेवून मायक्रोस्कोपखाली धरली की गोल गोल भोकं पडताना दिसतात, कडा फुगतात, भोकं एकमेकांना भिडतात आणि शेवटी नुसते थेंब उरतात. पोरं जागची हलत नाहीत.

आता स्टार कापला तो सर्व्हिससाठी. झाकणाचं रबर गेलं, विकणाऱ्याने दोन महिने फोनवर फोन करायला लावले. आणि लाईट गेली की व्हॅक्यूम सुटतो, एकदा फिरती चकती उडून फुटलीच. त्यामुळे यूपीएस सोबतच घ्या, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) ठेवा, आणि मे महिन्यात सकाळी सातलाच काम उरका, दुपारच्या आपल्या उन्हात टोल्युईन पसरायच्या आत सुकतं आणि फिल्मवर रेघाच रेघा येतात.